शब्दचर्चा: तारण ‘मिळवणे’, विश्वास ‘बसणे’ आणि ‘कृपेनेच’ मधला ‘च’

कोरा कागद:
ख्रिस्ती मतांची ओळख करून देणाऱ्या एका पुस्तिकेत हे वाक्य जायचं आहे: ‘माणसाला स्वेच्छा असल्यामुळे तो विश्वास ठेवून तारण मिळवतो, देवाची कृपा त्याला त्यात मदत करते.’ वाचणारे सगळ्या पंथांचे असतील. शंका दोन. ‘स्वेच्छा’ इथे चालेल का? आणि ‘तारण’ म्हटलं की सोनेतारण कर्ज आठवतं, म्हणून ‘मोक्ष’ किंवा ‘उद्धार’ घ्यावा का?

नगरी:
तारण राहू द्या. मूळ धातू तॄ, म्हणजे तरून पलीकडे जाणे. त्याचं प्रयोजक रूप तारणे. बँकेतलं तारणही त्याच घरातलं, फक्त दिशा उलटी: तिथे तारण ऋणको देतो, इथे ते ऋणकोला मिळतं. संदर्भ असला की वाचक गोंधळत नाही. ‘मोक्ष’ घेतलात तर जन्ममरणाचा फेरा आपोआप गृहीत धरला जातो, आणि ख्रिस्ती विचारात फेराच नाही. ‘उद्धार’ अर्थाने बरा आहे, पण ‘त्याने माझा चांगलाच उद्धार केला’ याचा बोलण्यातला अर्थ तुम्हाला ठाऊक आहेच.

खरी अडचण नामांत नाही. भांडण आहे ते क्रियापदांत आणि शब्दयोगी अव्ययांत.

‘मिळवतो’ पाहा. गुण मिळवतात, नोकरी मिळवतात, नाव मिळवतात. मिळवणे म्हणजे कमाई. ‘मिळते’ म्हटलं की कर्ता हलका होतो. प्रचलित मराठी बायबलात इफिसकरांस पत्र २:८ मध्ये याच्याही पुढे जाऊन ‘कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे’ असं आहे. ‘झालेले आहे’ हे ग्रीकमधल्या पूर्ण झालेल्या कर्मणी रूपाला छान बसतं: काम झालं, परिणाम टिकून आहे, आणि करणारे तुम्ही नव्हे.

आता त्याच वाक्यातले प्रत्यय. कृपेला ‘-ने’, विश्वासाला ‘द्वारे’. ग्रीकमध्येही दोन वेगळ्या रचना आहेत: कृपेची नुसती चतुर्थी, विश्वासाआधी ‘दिआ’. तिथे ‘विश्वासामुळे’ लिहिलंत की विश्वास हे कारण ठरतं, आणि प्रोटेस्टंट वाचक तिथेच अडतो. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांचा लॅटिनमधला काटेकोर भेद हाच आहे: ‘पेर फिदेम’ म्हणजे विश्वासाच्या द्वारे, ‘प्रोप्तेर फिदेम’ म्हणजे विश्वासामुळे. पहिलं मान्य, दुसरं अमान्य. पाणी नळाद्वारे येतं, धरणामुळे येतं. नळालाच धरण म्हटलं की विश्वास हे नवं पुण्यकर्म होऊन बसतं.

वसईकर:
नगरी, प्रोटेस्टंट वाचकाचं ठीक. पण ‘कृपा मदत करते’ हे कॅथलिकांनाही चालणार नाही, आणि भाषांतरात सगळ्यांत जास्त चूक इथेच होते. कॅथलिक मत म्हणजे अर्धं देवाचं अर्धं माणसाचं, असा समज मराठीत पक्का बसला आहे. सुरुवात माणसाची आणि कृपा नंतरची कुमक, ही भूमिका ऑरेंजच्या (आजच्या फ्रान्समधल्या) धर्मपरिषदेने ५२९ मध्येच नाकारली. विश्वासाची सुरुवात, इतकंच काय विश्वास ठेवावासा वाटणं, हेही कृपेचंच, असं तिथे ठरलं. प्रोटेस्टंटांना उत्तर देणाऱ्या ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेच्या १३ जानेवारी १५४७ च्या ठरावातही प्रौढांच्या बाबतीत आरंभ आधी येणाऱ्या कृपेपासून होतो, माणसाच्या कोणत्याही पुण्याईशिवाय.

ट्रेंट वेगळं बोलतं ते पुढच्या पायरीवर. देवाने हलवलेली इच्छा होकार देते, आणि तिला नकारही देता येतो. ती निर्जीव वस्तूसारखी नुसती पडून नसते. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: आधी हाक, मग होकार. तुमच्या वाक्यात क्रम उलटा आहे. असं शिकवणाऱ्यांना पुढे अर्ध-पेलागी म्हटलं गेलं. (हे नाव सोळाव्या शतकाच्या अखेरचं, म्हणजे मूळ वाद मिटून हजार वर्षं झाल्यावरचं.) खुद्द पेलागिअस म्हणजे माणूस स्वतःच्या बळावर पुण्यवान राहू शकतो असं मानणारा; त्याच्या मतांचा निषेध कार्थेजला ४१८ मध्ये झाला होता.

‘सहकार्य’ हा शब्दही जपून वापरा. लॅटिनमध्ये तोच आहे, पण मराठी कानाला सहकार म्हटलं की साखर कारखाना आणि प्रत्येकाचं भागभांडवल आठवतं: तुमचे इतके शेअर, देवाचे तितके. नेमकी तीच कल्पना ट्रेंटला नको आहे. ‘होकार’ किंवा ‘प्रतिसाद’ बरे.

अनुस्वार:
क्रियापदांवरून एक गोष्ट राहिली. मराठीत विश्वास ठेवतात, टाकतात, आणि विश्वास बसतो. ‘मी विश्वास ठेवला’ यात कर्ता मी. ‘माझा विश्वास बसला’ यात मी कर्ताच नाही. कर्ता विश्वास, मी फक्त ज्याचं घडलं तो. बसलेला विश्वास ठरवून बसवता येत नाही. ‘उद्या सकाळी दहा वाजता माझा यावर विश्वास बसेल’ असं कोणी म्हणत नाही. ‘ठेवेन’ मात्र म्हणतात.

कृपा आणि इच्छास्वातंत्र्याचा सगळा वाद या दोन क्रियापदांच्या मधे मावतो. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने रोमकरांस पत्राच्या १५२२ च्या प्रस्तावनेत विश्वासाला देवाचं आपल्यातलं काम म्हटलं आहे. त्याचा विश्वास ‘बसणारा’ आहे. आज्ञा करायची वेळ आली की ‘बस’ म्हणता येत नाही, म्हणून बायबलच्या मराठीत सगळीकडे ‘ठेव, ठेवा’. ते चूक नाही, ग्रीकमध्येही आज्ञार्थच आहे. पण आज्ञार्थात सामर्थ्य गृहीत आहे का? ल्यूथरशी वाद घालणाऱ्या कॅथलिक विद्वान इरॅस्मसने १५२४ मध्ये हाच मुद्दा काढला: आज्ञा आहेत म्हणजे पाळण्याची शक्तीही असणार. ल्यूथरचं १५२५ चं उत्तर व्याकरणाचं होतं: आज्ञार्थावरून निश्चयार्थ सिद्ध होत नाही. ‘कर’ यातून ‘तू करू शकतोस’ निघत नाही.

मराठीत शक्यतेसाठी वेगळं क्रियापदच आहे: ‘मला करवत नाही’, ‘त्याला चालवत नाही’. पण ल्यूथर म्हणतो त्या, पापाने बांधलेल्या इच्छेसाठी ते वापरू नका. ‘करवत नाही’ म्हणणाऱ्याला करायचं असतं, अंगात बळ नसतं. ल्यूथर आणि त्याच्या हजार वर्षं आधीचा धर्मपंडित ऑगस्टीन म्हणतात ते त्याहून खोल आहे: करावंसंच वाटत नाही.

कोरा कागद:
मग ‘स्वेच्छा’चं काय? आणि इफिसकरांसच्या त्याच वचनात पुढे ‘हे देवाचे दान आहे’ असं येतं. ‘हे’ म्हणजे काय, विश्वास की तारण?

अनुस्वार:
‘हे’चा प्रश्न मजेदार आहे. ग्रीकमध्ये तिथे ‘तूतो’ हे नपुंसकलिंगी सर्वनाम आहे, तर कृपा (खारिस) आणि विश्वास (पिस्तिस) दोन्ही स्त्रीलिंगी. म्हणून बहुतेक व्याकरणकार ‘हे’ म्हणजे मागची सगळी गोष्ट, कृपेने विश्वासाद्वारे तारण होणे, असं धरतात. मराठीत लिंगं बदलतात: कृपा स्त्रीलिंगी, विश्वास पुल्लिंगी, तारण नपुंसकलिंगी. ग्रीकमध्ये या ठिकाणी ‘तारण’ हे नाम नाहीच, क्रियापद आहे. मराठीने नाम आणलं आणि ‘हे’ला लटकायला खुंटी मिळाली. मराठी वाचक सहज ‘हे तारण’ असं वाचतो.

आता कोणी म्हणेल, ‘वाचन हा माझा छंद’ यात ‘हा’ छंदामागे जातो, तसं ‘हे’ दानामागे गेलं असेल. मग ‘विश्वास हे देवाचे दान’ असंही बसेल. बरोबर, दुसऱ्या ‘हे’ला ते लागू पडतं. पण वचनात ‘हे’ दोनदा आहे. पहिलं ‘हे तुमच्या हातून झाले असे नाही’ इथलं, आणि तिथे मागे जायला दान नाही. विश्वासाबद्दल असतं तर ‘हा’ आला असता. म्हणजे केवळ या वचनाच्या जोरावर ‘विश्वास दान आहे’ असं पुस्तिकेत लिहू नका. ते मत मांडायचं तर आधार दुसरीकडचा घ्या.

नगरी:
‘स्वेच्छा’: नको. आपल्याकडे स्वेच्छानिवृत्ती असते, म्हणजे कोणी जबरदस्ती केली नाही. त्या अर्थाने पापीही स्वेच्छेनेच पाप करतो, हे ऑगस्टीन, ल्यूथर आणि दुसरा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन, सगळ्यांना मान्य आहे. त्यांचं म्हणणं, जबरदस्ती नसली तरी इच्छा मोकळी नाही. ‘स्वेच्छा’ लिहिलंत तर ते तिघेही मान डोलावतील आणि वाद दिसणारच नाही. वादातला लॅटिन शब्द ‘लिबेरुम आर्बित्रिउम’. ‘आर्बित्रिउम’ म्हणजे निवाडा, निवड. इच्छेला वेगळा शब्द आहे, ‘व्होलुंतास’. ‘निवडीचं स्वातंत्र्य’ सर्वांत जवळचं. ‘इच्छास्वातंत्र्य’ रुळलेलं आहे, तेही चालेल. ‘स्वैर इच्छा’ मात्र कुठेही नको, स्वैर म्हणजे उधळलेली.

ल्यूथरने सगळंच स्वातंत्र्य नाकारलं असंही लिहू नका. घर, पैसा, गुरंढोरं अशा माणसाच्या हाताखालच्या गोष्टींत तो निवड मान्य करतो. देवासंबंधीच्या गोष्टींत नाही.

‘पूर्वनियोजन’ पुढे येणारच असेल तर आत्ताच सांगतो: प्रारब्ध, दैव, ललाटलेख, सटवाईने लिहिलेलं, यांपैकी काहीही नको. प्रारब्ध आपल्याच आधीच्या कर्मांचं फळ असतं. इथला दावा नेमका उलटा: माणसाचं काहीही न पाहता देवाने निवडलं. ‘निवड’ आणि ‘नेमून ठेवणे’ हे बायबलच्या मराठीतले शब्द पुरतात.

कोरा कागद:
मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर न्याय देऊन समजावता येईल का? माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरतं, मांजरीचं पिल्लू नुसतं पडून असतं आणि आई तोंडात धरून नेते. एक कॅथलिक, एक कॅल्विनवादी?

वसईकर:
मोह होतो खरा, पण जोडी जुळत नाही. कॅथलिक पिल्लाची पकडही आईनेच दिलेली. ऑरेंज आणि ट्रेंटचं तेच म्हणणं. आणि मांजरीचं पिल्लू कॅल्विनवाद्यांनाही पुरतं पटणार नाही. त्यांच्याच डॉर्टच्या परिषदेने (१६१८–१९) स्पष्ट म्हटलं आहे की कृपा माणसाला लाकूड-दगडासारखं वागवत नाही, इच्छा मोडत नाही, तिला जिवंत करते आणि वळवते. म्हणून तिथल्या कृपेला ‘जबरदस्त’ म्हणू नका. ‘निष्फळ न होणारी’ म्हणा. हे न्याय दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांच्या वडकलै (माकडाचं पिल्लू) आणि तेन्कलै (मांजरीचं पिल्लू) या दोन शाखांच्या वादातले. तिथेच ते नेमके बसतात.

कॅथलिक मत एकच, असंही लिहू नका. कृपा परिणामकारक कशी होते यावर लुई दे मोलिना या येशूसंघीयाच्या (जेझुइटाच्या) लिस्बनला १५८८ मध्ये छापलेल्या ग्रंथावरून डोमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाशी कडाक्याचा वाद झाला. पाचव्या पॉल पोपने १६०७ मध्ये निकाल न देताच तो थांबवला. निकाल आजतागायत नाही.

आणि ‘नीतिमान ठरवणे’ की ‘नीतिमान करणे’, हेही पाहून घ्या. ग्रीक क्रियापद न्यायालयातलं, ‘ठरवणे’. लॅटिन ‘इउस्तिफिकारे’त ‘करणे’ दडलं आहे, आणि ट्रेंट त्यावर भर देतं: पापक्षमाच नाही, आतला माणूसही नवा होतो. मराठी प्रोटेस्टंट पाठात ‘ठरणे, ठरवणे’ आहे; कॅथलिकांसाठी लिहिताना ‘करणे’ जोडावं लागतं.

नगरी:
मेथडिस्ट राहिले. त्यांच्या पंथाचा प्रवर्तक वेस्ली याच्या मते आधी येणारी कृपा सगळ्यांना मिळते आणि बिघडलेल्या इच्छेला उत्तर देण्याइतकं मोकळं करते. म्हणजे निवड खरी, पण ती मोकळीकही कृपेचीच. महाराष्ट्रात हे टाळून चालणार नाही. मुंबईत १८१३ पासूनचं अमेरिकन मराठी मिशन आणि जॉन विल्सन यांचं स्कॉटिश मिशन, दोन्ही कॅल्विनच्या वळणाची. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं तेव्हा त्यांचे वारस आणि काही मेथडिस्ट एकाच छताखाली आले. एकाच बाकावर दोन्ही मतं बसलेली असू शकतात.

अनुस्वार:
फिलिप्पैकरांस पत्र २:१२–१३ ही पाहून ठेवा. ‘आपले तारण साधून घ्या’, आणि लगेच इच्छा व कृती ‘साधून देणारा तो देव’. ग्रीकमध्ये तिथे दोन वेगळी क्रियापदं आहेत. मराठी भाषांतरकाराने एकच ‘साधणे’ घेऊन पुढे ‘घेणे’ आणि ‘देणे’ लावलं. घेणारा घेतो, कारण देणारा देतो आहे. इतकी नेटकी जोडी मुळातही नाही.

कोरा कागद:
मग असं चालेल का? ‘देवाच्या कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे, माणसाचे तारण होते. ही कृपा आधी येते, यावर या सर्व परंपरांचे एकमत आहे. माणसाला तिला नकार देता येतो का, यावर मतभेद आहेत.’ फक्त ‘कृपेनेच’ मधला ‘च’ कॅथलिकांना खटकेल अशी भीती आहे. ग्रीकमध्ये तो नाही म्हणतात.

वसईकर:
ग्रीकमध्ये ‘च’ नाही हे खरं. ल्यूथरनेही रोमकरांस ३:२८ मध्ये १५२२ साली ‘केवळ’ घातला, तेव्हा गदारोळ झाला. जर्मन बोलण्याची तीच ढब आहे, असा त्याचा बचाव होता. पण तो ‘केवळ’ विश्वासाला होता. तुमचा ‘च’ कृपेला आहे, आणि ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी सही केलेल्या संयुक्त घोषणेत ‘केवळ कृपेने’ हे शब्द आहेत. मेथडिस्ट २००६ मध्ये तिला जोडले गेले. ‘च’ ठेवा. ‘विश्वासाच्याच द्वारे’ मात्र करू नका.

नगरी:
आणि ‘नकार देता येतो का’ च्या जागी ‘अखेरपर्यंत नकार देता येतो का’ करा. कृपेला माणूस विरोध करतो, हे कॅल्विनवादीही नाकारत नाहीत. निवडलेल्यांचा विरोध शेवटी टिकत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.