लग्नाला लष्करी विमानाने येता येईल का? – आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

मावशी (कोल्हापूर):
सर्वांना नमस्कार. डिसेंबरच्या अखेरीस आपल्या घरी लग्न आहे आणि कॅलिफोर्नियाहून ताई व जावई यावेत अशी सर्वांचीच इच्छा आहे. अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांना तिथल्या लष्करी विमानांतून विनामूल्य प्रवास करता येतो, असे परवा एका परिचितांनी सांगितले. जावई हवाई दलात असताना तुम्ही तिकिटांवर एवढा खर्च का करावा, असा प्रश्न मनात आला. ताई, तुझी आई सध्या तुमच्याकडेच आहे, तर तिलाही त्याच विमानाने सोबत आणता येईल का, तेही कळव.

ताई (फेअरफिल्ड, कॅलिफोर्निया):
मावशी, तू ऐकलेस ते खरे आहे, परंतु त्याला ज्या अटी आहेत त्या समजल्याशिवाय त्यावर लग्नाचा प्रवास ठरवू नये, म्हणून जरा सविस्तर लिहिते. या सोयीला इथे सगळे ‘स्पेस-ए’ (स्पेस अव्हेलेबल, म्हणजे उरलेल्या जागेवरचा प्रवास) म्हणतात. लष्करी विमान सामान किंवा सैनिक घेऊन कामगिरीवर निघालेले असते. कामावर असलेले प्रवासी आणि माल चढल्यावर जागा उरली, तर ती रजेवरील सैनिकांना आणि त्यांच्या आश्रितांना दिली जाते. कुटुंबांच्या सोयीसाठी म्हणून एकही विमान उडत नाही. त्यामुळे कामगिरी बदलली तर विमान दुसरीकडे जाते, एक दिवस उशिरा निघते किंवा निघतच नाही, आणि अशा वेळी आपल्याला तक्रार करण्यास जागा नसते, कारण ही सवलत आहे, हक्क नाही.

भारतात येणारी अशी नियमित विमानसेवाही नाही. आम्हाला यायचे झाल्यास जास्तीत जास्त जर्मनीतील रामस्टाइन तळापर्यंत पोहोचता येईल आणि तिथून फ्रँकफर्टला जाऊन मुंबईचे नेहमीचे तिकीट काढावे लागेल.

काका (सातारा):
आपल्याकडेही हवाई दलाची ‘कुरियर’ विमाने आहेत. हिवाळ्यात झोजिला आणि रोहतांग या खिंडी बंद झाल्या की लेहहून रजेवर निघालेल्या जवानाला चंदीगडला येण्यासाठी आयएल-७६ किंवा एएन-३२ चाच आधार असायचा, आणि हवामान बिघडले की रजेचे दिवस तिथेच संपत जायचे. म्हणून विचारतो, की उरलेल्या जागांसाठी तुमच्याकडे क्रम कसा लावतात? अधिकाऱ्याचे कुटुंब आले तर शिपायाचे कुटुंब मागे राहते का?

ताई (फेअरफिल्ड, कॅलिफोर्निया):
काका, तुम्ही अगदी मुळाचा प्रश्न विचारलात. हुद्द्याचा इथे काहीही संबंध नाही, आणि या व्यवस्थेतील ही गोष्ट मला सर्वांत जास्त आवडते. सहा श्रेणी ठरलेल्या आहेत. पहिल्या श्रेणीत घरातील मृत्यू किंवा गंभीर आजारपण यांसाठी तातडीच्या रजेवर निघालेले लोक येतात. दुसऱ्या श्रेणीत, परदेशातील खडतर ठिकाणी नेमणूक असल्यामुळे विशेष रजा मिळालेले सैनिक आणि त्यांच्या सोबतचे कुटुंबीय असतात. नेहमीच्या रजेवरील सैनिक व त्यांच्यासोबत प्रवास करणारे आश्रित तिसऱ्या श्रेणीत मोडतात, म्हणजे आम्ही तिसऱ्या. चौथी आणि पाचवी श्रेणी मुख्यतः सैनिकाविना प्रवास करणाऱ्या कुटुंबीयांसाठी आहे, आणि निवृत्त सैनिक सहाव्या श्रेणीत येतात.

एका श्रेणीच्या आत ज्याने आधी नाव नोंदवले त्याला आधी जागा मिळते. रेल्वेच्या प्रतीक्षा यादीसारखे हे वाटेल, पण फरक असा की तुम्ही महिनाभर आधी नाव नोंदवले असले, तरी तासाभरापूर्वी आलेला वरच्या श्रेणीतील प्रवासी तुमच्या पुढे जातो. घरातील माणूस गमावलेल्या सैनिकासाठी आपण मागे राहिलो तर ते योग्यच आहे, असे मला मनापासून वाटते.

नोंदणीलाही एक मर्यादा आहे. सेवेतील सैनिकाला रजा सुरू झाल्यावरच नाव नोंदवता येते आणि ती नोंदणी जास्तीत जास्त ६० दिवस किंवा रजा संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, ग्राह्य राहते. म्हणजे डिसेंबरच्या लग्नासाठी सप्टेंबरमध्ये नाव नोंदवून निश्चिंत होणे शक्यच नाही.

मावशी (कोल्हापूर):
हे वाचून बरेच स्पष्ट झाले. पण तुझ्या आईचे काय? ती तर तुमच्याच घरी राहते आहे.

ताई (फेअरफिल्ड, कॅलिफोर्निया):
आईला या विमानातून नेता येणार नाही. इथे आश्रित म्हणजे लष्कराच्या नोंदणीत नाव असलेली आणि ओळखपत्र मिळालेली व्यक्ती. पत्नी किंवा पती आणि अविवाहित लहान मुले त्यात सहज येतात, पण आई-वडील किंवा सासू-सासरे यांचा अर्ध्याहून अधिक उदरनिर्वाह सैनिकच करतो हे सिद्ध करून आधी त्यांची नोंद करून घ्यावी लागते. पर्यटक म्हणून काही महिने मुलीकडे राहायला आलेली आई त्यात बसत नाही. सून किंवा जावई अमेरिकन सैन्यात आहे म्हणून सगळे घर फुकट फिरेल, असा समज आपल्याकडच्या बऱ्याच घरांमध्ये असतो आणि मग ‘त्यांनी आम्हाला नेले नाही’ अशी उगीच नाराजी निर्माण होते. त्यामुळे हे सर्वांसमोर लिहिणे मला आवश्यक वाटले.

दादा (कायझरस्लाउटर्न, जर्मनी):
उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. पत्नी अमेरिकन भूदलात असल्यामुळे रामस्टाइनचे टर्मिनल माझ्या परिचयाचे आहे, म्हणून ताईच्या माहितीत थोडी भर घालतो.

पहिली गोष्ट पारपत्राची, आणि आपल्या लोकांसाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ताई, तुझ्याकडे ग्रीन कार्ड असले तरी पारपत्र भारतीय आहे. रामस्टाइनला उतरून रस्त्याने किंवा रेल्वेने फ्रँकफर्टला जायचे म्हणजे तू जर्मनीत प्रवेश करणार, आणि त्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. ग्रीन कार्डधारकाला फ्रँकफर्ट विमानतळाच्या आतच विमान बदलताना जी सूट मिळते ती इथे लागू होत नाही. लष्करी विमानात मोफत जागा मिळूनही व्हिसाअभावी टर्मिनलवरच थांबण्याची वेळ कुणावरही येऊ नये.

दुसरी गोष्ट जावयांची. परदेशी सैन्यात सेवेत असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला भारत सरकार ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड देत नाही. त्यांना भारताचा रीतसर व्हिसा घ्यावा लागेल आणि परदेशी रजेसाठी त्यांच्या युनिटची मंजुरीही लागेल. प्रवास कोणत्याही विमानाने करा, ही दोन कामे आजच सुरू करावीत असा माझा आग्रह आहे.

आता टर्मिनलवर काय घडते ते सांगतो. पुढील ७२ तासांत कोणती विमाने कुठे जाणार याचे वेळापत्रक एअर मोबिलिटी कमांडची, म्हणजे अमेरिकन हवाई दलाच्या वाहतूक विभागाची, टर्मिनले प्रसिद्ध करतात. आपण ईमेलने नाव नोंदवलेले असले तरी विमानाच्या दिवशी स्वतः जाऊन हजेरी लावावी लागते आणि त्यानंतर ‘रोल कॉल’ होतो, म्हणजे श्रेणीनुसार नावे पुकारली जातात. त्या वेळी सामान, मुले आणि कागदपत्रांसह निघण्याच्या तयारीत असावे लागते, कारण नाव पुकारल्यावर कुणी बाहेर जेवायला गेलेले असेल तर जागा पुढच्याला मिळते. नोंदणीच्या ईमेलची प्रत, रजेचा कागद, ओळखपत्रे आणि पारपत्रे हाताशी असू द्यावीत.

विमानांचा अनुभव विमानागणिक वेगळा असतो. सी-५ या मोठ्या मालवाहू विमानाच्या वरच्या मजल्यावर ७३ आसने असतात आणि ती सर्व मागच्या दिशेला तोंड करून बसवलेली असतात. सी-१७ मध्ये बहुतेक वेळा भिंतीला लागून असलेल्या आसनांवर बसावे लागते आणि समोर मालाचे ढीग बांधलेले असतात. आवाज मोठा असतो, म्हणून कानात घालायचे बोळे देतात, आणि थंडी इतकी वाजते की लहान मुलांसाठी जाड कपडे व पांघरूण जवळ ठेवावेच. पुढून उघडी चप्पल किंवा उंच टाचांची पादत्राणे चालत नाहीत. प्रत्येकाला साधारणपणे ७० पौंडांच्या दोन बॅगा नेता येतात, परंतु छोट्या विमानांत ही मर्यादा ३० पौंडांपर्यंत खाली येते, त्यामुळे लग्नाचे आहेर आणि साड्या घेऊन हा प्रवास करण्याचा विचारही करू नये.

याखेरीज ‘पेट्रियट एक्सप्रेस’ नावाची सेवा आहे. ती लष्कराने भाड्याने घेतलेली नागरी विमाने असतात आणि बाल्टिमोरहून रामस्टाइनला किंवा सिअ‍ॅटलहून जपानला जातात. तिच्यात थोडासा कर भरावा लागतो, पण मुलांसोबत जायचे असेल तर मी हीच सुचवेन.

काका (सातारा):
फार उपयुक्त माहिती दिलीत. आमच्या परिचयातील एका कुटुंबातील मुलाने अमेरिकन भूदलात काही वर्षे नोकरी करून ती सोडली आणि आता तो खाजगी कंपनीत आहे. त्याला हा लाभ मिळतो का? आणि जखमी होऊन परतलेल्या सैनिकांचे काय?

दादा (कायझरस्लाउटर्न, जर्मनी):
काका, मध्येच नोकरी सोडलेल्यांना तो मिळत नाही. निवृत्तीवेतनास पात्र होऊन निवृत्त झालेल्यांनाच मिळतो. परंतु सेवेमुळे कायमचे व पूर्ण, म्हणजे १०० टक्के, अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांना ऑगस्ट २०१८ मधील कायद्याने सहाव्या श्रेणीत स्थान दिले. हा निर्णय त्याआधीच व्हायला हवा होता, असे माझे मत आहे.

मावशी (कोल्हापूर):
एक शेवटचे विचारते. जावयांना अचानक मोहिमेवर पाठवले, तर ताई एकटी या विमानाने येऊ शकेल का?

ताई (फेअरफिल्ड, कॅलिफोर्निया):
हो मावशी, त्याचीही तरतूद आहे. सैनिक सलग ३० दिवस किंवा त्याहून अधिक काळ तैनात असेल, तर त्याच्या युनिटच्या पत्रावर कुटुंबाला चौथ्या श्रेणीत एकटे प्रवास करता येतो, आणि तैनाती ३६५ दिवसांची किंवा अधिक असेल तर तिसऱ्या श्रेणीत. मागे राहिलेल्या बायकामुलांना माहेरी किंवा आप्तांकडे जाता यावे हा त्यामागचा विचार आहे, आणि माझ्या शेजारणींपैकी ज्यांना याचा उपयोग झाला त्यांच्या दृष्टीने तो फार मोठा आधार होता.

तरीही लग्नासाठी आम्ही या मार्गाने येणार नाही. डिसेंबरमध्ये नाताळच्या सुट्टीमुळे टर्मिनले भरून वाहतात. उन्हाळ्यात बदल्यांच्या हंगामातही तीच स्थिती असते. शिवाय परतीच्या विमानात जागा मिळाली नाही तर स्वखर्चाने परतण्याइतके पैसे जवळ असावेत, असे नियमच सांगतो, कारण रजा संपण्यापूर्वी सैनिकाने कामावर हजर होणे ही त्याची स्वतःची जबाबदारी असते. लग्नाचा मुहूर्त आपल्यासाठी थांबणार नाही आणि यांची रजाही वाढणार नाही. ज्या प्रवासाची तारीख पुढेमागे होऊ शकते, त्याच प्रवासासाठी स्पेस-ए वापरावे, हे माझे ठाम मत आहे. आमच्या घराजवळच्या ट्रॅव्हिस तळावरून हवाई बेटांवरील हिकम तळाला विमाने जात असतात आणि फेब्रुवारीत गर्दी कमी असते. तो प्रवास आम्ही असाच करणार आहोत.

लग्नासाठी आमची दोघांची आणि आईची मुंबईपर्यंतची तिकिटे या आठवड्यात काढते आणि यांच्या व्हिसाचा अर्जही भरते.

मावशी (कोल्हापूर):
मग तसेच कर. तिकिटे निघाली की पोहोचण्याची तारीख कळव, म्हणजे मुंबईहून कोल्हापूरला येण्यासाठी गाडी सांगून ठेवता येईल. दादा, तू आणि सूनबाई कधी पोहोचणार, तेही आता लिहून टाका.

दादा (कायझरस्लाउटर्न, जर्मनी):
मावशी, हिची रजा मंजूर झाली आहे. आम्ही फ्रँकफर्टहून थेट मुंबईला येऊ. हिचा भारताचा व्हिसा हातात आला की तिकिटाची प्रत ग्रुपवर टाकतो.