शब्दचर्चा: डायब्लो 2 मधला ‘नॉर्मल’ मराठीत कसा लिहावा? शिवाय जडवणे, घडवणे आणि तोल

गारगोटी

डायब्लो 2 या संगणकीय खेळाची मराठी मार्गदर्शिका तयार होते आहे. ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ (2001) आणि ‘रिसरेक्टेड’ (2021) या दोन्ही आवृत्त्यांना ती लागू व्हावी असा प्रयत्न आहे. होराड्रिक क्यूबच्या (वस्तू एकत्र घालून नवी वस्तू बनवणाऱ्या जादूच्या पेटीच्या) कृती लिहिताना ‘नॉर्मल’ या शब्दापाशी काम अडले. दोन कृती पाहा; टॅल, ॲम्न, शाएल ही रूनांची, म्हणजे जादूच्या अक्षरखड्यांची, नावे आहेत.

ढालीला सॉकेट (रत्न किंवा रून बसवायची जागा) पाडणे: टॅल + ॲम्न + परफेक्ट रुबी + नॉर्मल ढाल.

युनिक चिलखताची श्रेणी वाढवणे: टॅल + शाएल + परफेक्ट डायमंड + नॉर्मल युनिक चिलखत.

दोन्हीकडे ‘साधी’ असे लिहिले तर चालेल का? ‘सॉकेट’, ‘क्राफ्ट’, ‘बॅलन्स’ यांनाही प्रतिशब्द हवे आहेत, पण ते खेळताना गोंधळ घालणारे नसावेत.

ऐरण

नाही चालणार. या दोन कृतींत ‘नॉर्मल’चे अर्थ वेगळे आहेत आणि नेमक्या याच जागी लोकांची रत्ने वाया जातात.

पहिल्या कृतीत ‘नॉर्मल’ म्हणजे वस्तूची प्रत. मोडकी, नॉर्मल, सुपीरियर, मॅजिक, रेअर, सेट, युनिक अशी ती रांग आहे. दुसऱ्या कृतीत ‘नॉर्मल’ म्हणजे श्रेणी: नॉर्मल, एक्सेप्शनल, एलिट. काइट शील्ड पहिल्या श्रेणीची, ड्रॅगन शील्ड दुसऱ्या आणि मोनार्क तिसऱ्या. आता मोनार्क तिसऱ्या श्रेणीची असली तरी तिची प्रत नॉर्मल असू शकते, आणि सॉकेटच्या कृतीत ती बिनदिक्कत चालते. ‘नॉर्मल ढाल’ वाचून एखादा मोनार्क बाजूला ठेवतो आणि काइट शील्डवर परफेक्ट रुबी खर्च करतो. काइट शील्डला जास्तीत जास्त तीनच सॉकेट पडतात, म्हणजे चार रून लागणारा ‘स्पिरिट’ हा रूनवर्ड (ठरावीक रून ठरावीक क्रमाने बसवून मिळणारे खास गुण) तिच्यात कधीच बसणार नाही.

तिसरा अर्थ काठिण्यपातळीचा: नॉर्मल, नाइटमेअर, हेल. तेव्हा तीन अर्थांना तीन शब्द द्या. प्रतीसाठी ‘साधी’, श्रेणीसाठी ‘पहिली श्रेणी’, काठिण्यपातळीसाठी ‘सोपी पातळी’. मग दुसरी कृती ‘पहिल्या श्रेणीचे युनिक चिलखत’ अशी होईल. या कृतीत चिलखताबरोबर शिरस्त्राण, हातमोजे, पट्टा, बूट हेही येतात. गॉब्लिन टो हे बूट पहिल्या श्रेणीचे, म्हणून त्यांना हीच कृती लागते. स्किन ऑफ द वायपरमॅजाय दुसऱ्या श्रेणीचे आहे, त्याला को + लेम + परफेक्ट डायमंड लागते.

‘सुपीरियर’ला ‘सरस’ म्हणा आणि ठळक टीप द्या: सरस वस्तू सॉकेटच्या कृतीत चालत नाही. तिच्यात रूनवर्ड मात्र चालतो, फक्त सॉकेट आधीपासून असायला हवीत किंवा लारझुक या लोहाराकडून पाडून घ्यायला हवीत.

पोतडी

रंगाने का लिहू नये? पडद्यावर रंग दिसतोच. निळी म्हणजे मॅजिक, पिवळी रेअर, हिरवी सेट, सोनेरी युनिक, नारिंगी क्राफ्टेड. ‘मॅजिक’ शब्दाचीही अडचण सुटते, कारण मॅजिक ही प्रत आहे, नुकसानीचा एक प्रकारही आहे आणि ‘मॅजिक फाइंड’मध्येही तोच शब्द आहे.

ऐरण

‘निळी’, ‘पिवळी’ जरूर लिहा, मजकूर सुटसुटीत होईल. पण गारगोटींच्या मूळ प्रश्नाला रंग पुरत नाही. साधी आणि सरस दोन्ही पांढऱ्या दिसतात आणि सॉकेट पडले की दोन्ही राखाडी होतात. जिथे फरक सांगायची गरज आहे तिथेच रंग मुका आहे.

दशमान

सॉकेटला ‘खाच’, ‘छिद्र’, ‘खोबणी’ असे शब्द वापरलेले दिसतात. सोनाराकडे यासाठी तयार शब्द आहे: कोंदण. रत्न कोंदणात बसवतात आणि या क्रियेला ‘जडवणे’ म्हणतात. डायब्लोत सॉकेटमध्ये रत्न, ज्वेल किंवा रूनच बसतो, त्यामुळे शब्द अर्थाने पूर्ण जुळतो. ‘चार कोंदणांची ढाल’ हे वाचायलाही सरळ आहे.

कृतीसोबत शक्यताही द्या, नाहीतर वाचक दैवाला दोष देत बसतो. क्यूब 1 ते 6 पैकी एक आकडा काढतो, सहाही आकड्यांची शक्यता समान. वस्तूच्या कमाल कोंदणांपेक्षा आकडा मोठा आला तर तो कमाल आकड्यावर आणला जातो. मोनार्कची कमाल 4, म्हणून 4, 5, 6 तिन्ही आकड्यांना चार कोंदणे पडतात: सहांत तीन, निम्मी शक्यता. ‘एनिग्मा’ या रूनवर्डला तीन कोंदणांचे चिलखत लागते. मेज प्लेटची कमाल 3, म्हणून सहांत चार. आर्कॉन प्लेटची कमाल 4, तिथे नेमकी तीन पडण्याची शक्यता सहांत एकच.

लारझुक साध्या वस्तूला नेहमी कमाल कोंदणे पाडतो. हॅरोगाथच्या वेढ्याच्या कामगिरीचे ते बक्षीस, प्रत्येक काठिण्यपातळीत एकदा. आर्कॉन प्लेट त्याच्याकडे नेली की चार पडतात आणि ‘एनिग्मा’ हुकतो. क्रिस्टल सोर्डचे आणखी नाजूक आहे, कारण तिची कमाल वस्तूच्या पातळीवर (ती जिथे किंवा ज्याच्याकडून मिळाली त्यावरून ठरणाऱ्या आकड्यावर) अवलंबून असते: 25 पर्यंत तीन, 26 ते 40 चार, 41 पासून सहा. ‘स्पिरिट’साठी नेमकी चार हवीत. सोप्या पातळीतल्या गायींच्या रानात मिळालेली तलवार घ्यावी. तिथल्या साध्या गायींची पातळी 28 आहे, त्यामुळे लारझुक चारच पाडतो. नरकात, म्हणजे हेल पातळीत, सापडलेली तीच तलवार सहा कोंदणे घेऊन परत येते. वस्तूची पातळी खेळ दाखवत नाही, म्हणून ती कुठे मिळाली हे लक्षात ठेवावे लागते.

गारगोटी

‘कोंदण’ घेतले. आता क्राफ्टिंग. ‘रून जडवून वस्तू घडवणे’ असे एकाच वाक्यात लिहिले आहे. बरोबर आहे का?

ऐरण

तोडा ते वाक्य. मराठीत ‘जडणघडण’ असा जोडशब्द असला तरी इथे जडण वेगळी आणि घडण वेगळी. ‘जडवणे’ रूनवर्डसाठी ठेवा. ‘घडवणे’ फक्त नारिंगी वस्तूंसाठी, कारण डायब्लो 2 मध्ये ‘क्राफ्टेड’ हा स्वतंत्र वर्ग आहे. उदाहरणार्थ कास्टर ॲम्युलेट: निळे ॲम्युलेट + राल + परफेक्ट ॲमेथिस्ट + कोणतेही ज्वेल. ‘फास्टर कास्ट रेट’ (मंत्र सोडण्याचा वेग) 5 ते 10 टक्के हमखास मिळतो, मॅनाचे (मंत्रशक्तीचे) दोन गुण मिळतात, बाकीचे गुण नशिबावर.

नशिबावर असले तरी कुंपण आहे. घडवलेल्या वस्तूची पातळी म्हणजे पात्राच्या पातळीचा अर्धा भाग अधिक मूळ वस्तूच्या पातळीचा अर्धा भाग, दोन्ही अपूर्णांक सोडून. पात्र 93 वर असेल तर 46, ॲम्युलेट 88 चे असेल तर 44, मिळून 90. ॲम्युलेटवर एखाद्या क्लासच्या (पात्रप्रकाराच्या) सगळ्या कौशल्यांना +2 मिळण्यासाठी ही 90 लागते. 80 व्या पातळीवर, कुठल्यातरी गुहेत मिळालेल्या ॲम्युलेटांवर ज्वेलांचा ढीग संपवला तरी +2 कधीच येणार नाही. मार्गदर्शिकेत हे कृतीच्या शेजारीच लिहा, तळटिपेत नको.

दुसऱ्या खेळांबद्दल लिहाल तेव्हा मात्र ‘घडवणे’ मोकळेपणाने वापरा. स्कायरिममध्ये भट्टीवर लोखंडाची एक लगड आणि चामड्याची एक पट्टी देऊन कट्यार घडते, तिला सहाणेवर धार लावतात आणि चिलखत कामाच्या मेजावर बळकट करतात. घडवणे, धार लावणे, बळकट करणे: तिथे क्रियापदे तीन, अवजारेही तीन.

पोतडी

रूनवर्डला ‘बीजमंत्र’ का नको? रून म्हणजे बीजाक्षर. बीजाक्षरांचा क्रम चुकला की मंत्र फळत नाही, ही समजूत मराठी वाचकाला सांगावी लागत नाही. ‘स्पिरिट’ म्हणजे टॅल, थुल, ऑर्ट, ॲम्न, याच क्रमाने, तलवारीत किंवा ढालीत. टॅलनंतर ऑर्ट आधी बसवला तर सुटे चार रून तेवढे मिळतात, रूनवर्ड होत नाही.

दशमान

क्रमाचा मुद्दा अचूक, पण ‘बीजमंत्र’ मला नको वाटतो. आपल्याकडे बीजमंत्र जपायचा असतो, तो कुणाच्या उपासनेचा भाग आहे. शिवाय 33 रूनांमध्ये ‘ओम’ नावाचा एक रून आहेच. ‘बीजमंत्रातला ओम’ असे लिहिले की वाचक भलतीकडे जाईल. ‘रूनवर्ड’ तसाच ठेवा आणि क्रमाचा नियम सोप्या भाषेत सांगा: रून नेमके, क्रम नेमका, कोंदणे नेमकी तेवढीच, वस्तू साधी किंवा सरस. निळ्या-पिवळ्या वस्तूत चारही रून बरोबर बसवले तरी रूनवर्ड होत नाही. चुकल्यास हेल रून + टाउन पोर्टलची गुंडाळी + ती वस्तू क्यूबमध्ये घातली की कोंदणे रिकामी होतात, पण आत बसवलेले रून नष्ट होतात.

देवनागरीची एक खास अडचण इथेच येते. हेल रून आणि हेल काठिण्यपातळी दोन्ही मराठीत सारखेच उमटतात. ‘हेलमध्ये हेल मिळतो’ असे वाक्य छापू नका. पातळीला ‘नरक’ म्हणा, रूनला ‘हेल’. एथ आणि इथ याही दोन वेगळ्या रून आहेत. ‘स्टेल्थ’ला टॅल-एथ लागतात, ‘एनिग्मा’त जाह-इथ-बेर. मात्रा चुकली तर रून चुकला.

गारगोटी

‘ब्रेकपॉइंट’साठी (ज्या ठरावीक टक्क्याला वेग खरोखर बदलतो त्या टप्प्यासाठी) ‘मर्यादा’ लिहिले होते. तेही तपासून द्या.

दशमान

‘मर्यादा’ म्हणजे जिच्यापुढे काही वाढत नाही ती. प्रतिकाराची (आग, वीज अशा माऱ्याला होणाऱ्या विरोधाची) 75 टक्के ही मर्यादा. ब्रेकपॉइंटला ‘पायरी’ म्हणा, कारण दोन पायऱ्यांच्या मधे काहीच मिळत नाही. सॉर्सरेस या क्लासच्या फास्टर कास्ट रेटच्या पायऱ्या 9, 20, 37, 63, 105 आणि 200. शून्यावर मंत्र सोडायला 13 फ्रेम लागतात, प्रत्येक पायरीला एक फ्रेम कमी होत 200 वर 7 उरतात. खेळ सेकंदाला 25 फ्रेमने चालतो. 63 वर 9 फ्रेम म्हणजे 0.36 सेकंद, आणि 104 वरही तेवढेच. विजेच्या दोन मंत्रांचे, लाइटनिंग आणि चेन लाइटनिंगचे, कोष्टक वेगळे आहे. पॅलाडिनच्या पायऱ्या 9, 18, 30, 48, 75, 125.

‘स्पिरिट’वर हा गुण 25 ते 35 च्या दरम्यान येतो. तलवार 28 ची आणि ढाल 34 ची निघाली तर बेरीज 62. पायरी 63 ची. एका टक्क्याने हुकलेल्या सॉर्सरेसला 37 वालीचाच वेग मिळतो. म्हणून ‘टक्के वाढवा’ असा सल्ला देऊ नका, ‘पुढच्या पायरीला किती कमी पडतात ते मोजा’ असा द्या.

प्रतिकाराच्या आकड्याबाबतही स्पष्ट लिहा. नाइटमेअरमध्ये 40 आणि नरकात 100 वजा होतात. नरकात 75 दिसायला एकूण 175 लागतात. खेळातल्या अन्या या पात्राने दिलेल्या तीन गुंडाळ्यांचे 30 वजा केले तर 145 अंगावरच्या साजातून किंवा चार्ममधून (जवळ बाळगूनच गुण देणाऱ्या वस्तूंतून) यायला हवेत.

पोतडी

‘अंगावरच्या साजातून’ हा शब्दप्रयोग आवडला. ‘इक्विप’साठी ‘चढवणे’ आणि ‘कॅरी’साठी ‘बाळगणे’ हा भेद सगळीकडे पाळा. चार्म नुसते पोतडीत (इन्व्हेंटरीत) बाळगले तरी लागू पडते, पण पेटीत किंवा क्यूबमध्ये ठेवलेले पडत नाही. चार्मला ‘ताईत’ म्हणू नका, ताईत गळ्यात किंवा दंडावर बांधतात. तो शब्द ॲम्युलेटला शोभतो.

बॅलन्सबद्दल. ‘समतोल’ म्हटले की दोन पारडी सारखी, असे चित्र उभे राहते. सात क्लास सारखे ताकदवान करणे हा उद्देशच नसतो. अपेक्षा अशी की प्रत्येकाकडे दुसऱ्याला न मिळणारे काहीतरी असावे आणि एकंदरीत ते तोडीस तोड ठरावेत. म्हणून वाक्यात ‘क्लास तोडीस तोड आहेत का’ असेच विचारा. नाम हवेच असेल तिथे ‘तोल’ पुरे.

तोल कुठे ढळतो याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण ‘एनिग्मा’. टेलिपोर्ट ही सॉर्सरेसची खासियत. भिंती ओलांडून झेप घेता येते म्हणून तिचे नाजूक शरीर खपून जात होते. ‘एनिग्मा’ने ती झेप 65 व्या पातळीवरच्या कुठल्याही क्लासला दिली, वर सगळ्या कौशल्यांना +2 आणि पातळीगणिक ताकद. ‘कॉल टु आर्म्स’ने बार्बेरियनची बॅटल ऑर्डर्स सगळ्यांना दिली. यावर एकच उत्तर दिले जाते की जाह आणि बेर, म्हणजे 31 वा आणि 30 वा रून, फार दुर्मीळ आहेत. मला ते पटत नाही. दुर्मीळ असणे हा किमतीचा प्रश्न आहे, क्लासच्या ओळखीचा नव्हे. ज्याला ते रून मिळाले त्याच्यासाठी पॅलाडिन आणि सॉर्सरेस यांच्यातली एक भिंत गेलीच.

ऐरण

सहमत. ‘रिसरेक्टेड’च्या 2.4 या बदलात (2022) मागे पडलेली कौशल्ये वर उचलण्यावर भर होता, ड्रूइडची अग्नीची कौशल्ये त्यात येतात. असे बदल लिहिताना ‘नर्फ’ला ‘छाटणी’ आणि ‘बफ’ला ‘बळ देणे’ लिहा. ‘सुधारणा’ टाळा, कारण छाटणीलाही ‘सुधारणा’ म्हणता येते आणि वाचकाला दिशा कळत नाही.

गारगोटी

शेवटचे दोन: ‘इथरियल’ आणि ‘मर्सिनरी’. मसुद्यात ‘अलौकिक’ आणि ‘भाडोत्री’ आहेत.

ऐरण

‘अलौकिक’ने वाचक ती वस्तू स्वतः चढवेल आणि पस्तावेल. इथरियल शस्त्राची मारकता किंवा चिलखताचे संरक्षण दीडपट असते आणि ताकदीची अट 10 ने कमी, पण टिकाऊपणा निम्म्याच्या आसपास आणि दुरुस्ती अशक्य. झिजली की गेली, झॉड रून जडवलेला असेल तर वाचते. ‘नाशवंत’ लिहा.

आणि ‘भाडोत्री’ऐवजी ‘बारगीर’. मराठेशाहीत शिलेदार स्वतःचे घोडे-हत्यार घेऊन येई, बारगिराला ते सरकारातून मिळे. डायब्लोतल्या या शिपायाला शस्त्र, चिलखत, शिरस्त्राण तुम्हीच देता. त्याच्या अंगावर वस्तू झिजत नाही, म्हणून नाशवंत साज त्यालाच द्यावा. दुसऱ्या अंकातल्या बारगिराला चार कोंदणांचे नाशवंत पोलआर्म द्या, त्यात राल, टिर, टॅल, सॉल या क्रमाने ‘इनसाइट’ जडवा. त्याच्या मेडिटेशनच्या वलयात उभे राहिले की तुमचा मॅना भरत राहतो.