मदत हवी आहे: वळताना गाडी हंबरते (जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह सीआर-व्ही)

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा लक्ष घालावं, कारण खिशाला मोठं भगदाड पडायची वेळ आली आहे.

गाडी 2004 ची होंडा सीआर-व्ही, पेट्रोल, मॅन्युअल गिअर, एक लाख अडुसष्ट हजार किलोमीटर. आधी पुण्याच्या मामांकडे होती, दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. आमचं घर आंजर्ल्याच्या अलीकडे. शेवटचा अर्धा किलोमीटर रस्ता लाल मातीचा आणि आषाढात त्याचा पऱ्या होतो. त्यामुळे चारही चाकांना ताकद असलेली गाडी आम्हाला गरजेचीच आहे. (घरी तरी मी असंच पटवलंय.)

आवाज एक नाही, तीन आहेत. गॅरेजमध्ये नेलं की तिघांची एकच मोट बांधतात, म्हणून इथे सुटे करून सांगतो.

पहिला खळ्यात गाडी लावताना येतो. स्टिअरिंग पूर्ण तोडून (टोकापर्यंत फिरवून) हाफ क्लचवर गाडी पुढे-मागे घेतली की मागच्या सीटखालून "घुंऽऽर्र" असा घोगरा आवाज. कानाआधी तळपायाला कळतो. बाबा पडवीतून ओरडतात, "मागे म्हैस बांधलीयस काय रे?" विचित्र गोष्ट अशी की सकाळी गाडी बाहेर काढताना हा आवाज येत नाही, दापोलीहून परत आलो की हमखास येतो. सरळ रस्त्यावर कधीच नाही.

दुसरा 55-60 च्या पुढे सुरू होतो. भुणभुण, वेगाबरोबर वाढत जाणारी. कशेडीच्या बोगद्यात काचा खाली केल्या तर शेजारून दुसरी गाडी चालल्यासारखं वाटतं. गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून मागचं उजवं व्हील बेअरिंग बदललं. भुणभुण जिथल्या तिथे.

तिसरा म्हणजे नुसतं "टक्". थांबलेली गाडी सुटताना, किंवा दुसऱ्या गिअरमध्ये पाय उचलून परत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की एकदाच. मागे लोखंडी कडी पडावी तसा.

गॅरेजवाल्याचं निदान: "क्राउन गेला," म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक. मुंबईहून जुना डिफरन्शियल आणून बसवायचे पंचेचाळीस हजार. गाडी विकली तर किती येतील याचा विचार करता हा आकडा मला झेपणारा नाही.

आता कबुलीजबाब. नाताळच्या सुट्टीत कर्द्याच्या पुळणीत रुतलेली पाहुण्यांची गाडी मी दोर लावून ओढून काढली. भरती येत होती, मागची चाकं अर्धी पाण्यात होती. शिवाय दाभोळ-धोपावे फेरीबोटीने महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं, ओहोटीला रॅम्पवर खारं पाणी उडतंच.

आंब्याच्या पेट्या उतरवायचे दिवस तोंडावर आलेत. काय करू?

— खळ्यातली गाडी

लाल माती: सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा सांधा). डोळे मिटून बदला. माझ्या गाडीत सेम होतं.

जुना चालक: डोळे मिटून काहीच बदलू नका, एक बेअरिंग तसंच गेलंय तुमचं. सीव्ही जॉइंट गेला की पुढच्या चाकाकडून "टक-टक-टक-टक" असा चाकाच्या फेऱ्यांबरोबर लय धरून आवाज येतो, आणि बहुतेक वेळा त्याचं रबरी आवरण (बूट) फाटून रिमच्या आत ग्रीस उडालेलं दिसतं. घोगरा हंबरडा फोडणं हे त्याचं काम नव्हे.

तुम्ही तिन्ही आवाज सुटे सांगितलेत हे फार बरं केलंत. पहिल्याबद्दल मला जवळपास खात्री आहे, कारण उत्तर तुमच्याच एका वाक्यात आहे: सकाळी येत नाही, गाडी तापून आल्यावर येतो, आणि फक्त वळताना. क्राउन-पिनियनचे दात गेले असते तर तो सरळ रस्त्यावर, वेगात, पाय दाबल्या-सोडल्यावर सूर बदलत रडला असता. वळणाची वाट बघत बसला नसता.

या गाडीची मागची यंत्रणा समजून घ्या. एरवी गाडी पुढच्या चाकांवरच चालते. मागच्या डिफरन्शियलच्या डब्यात दोन हायड्रॉलिक पंप असतात. एक प्रोपेलर शाफ्टवर (पुढून मागे ताकद आणणाऱ्या लांब दांड्यावर) फिरतो, म्हणजे पुढच्या चाकांच्या वेगाने. दुसरा मागच्या चाकांच्या वेगाने. दोघे सारखे फिरत असले की एकाने ढकललेलं तेल दुसरा ओढून घेतो, दाब तयार होत नाही. पुढची चाकं चिखलात गरगरली की पहिला पंप जोरात फिरतो, तेल तुंबतं, दाब वाढतो आणि तो क्लचच्या चकत्या आवळतो. मग मागच्या चाकांना ताकद मिळते. यात बटण नाही, कॉम्प्युटर नाही. मला ही रचना भारी आवडते, पण ते राहू दे.

आता एसटी वळताना मागचं चाक आतून कापत येतं हे बघितलंय ना? मागची चाकं लहान वर्तुळात फिरतात, पुढची मोठ्या. म्हणजे स्टिअरिंग तोडून गाडी फिरवली की पहिला पंप आपोआप जास्त फिरतो आणि क्लच थोडा आवळला जातो. तेल चांगलं असेल तर चकत्या एकमेकींवरून गुपचूप घसरतात. तेल म्हातारं झालं किंवा चुकीचं असलं की त्या धरतात-सुटतात, धरतात-सुटतात. तोच तुमचा घुंऽऽर्र.

एकच प्रश्न: मागच्या डिफरन्शियलचं तेल शेवटचं कधी बदललं, आणि कोणतं घातलं?

कातळ: अरे मेल्या, पुळणीत गाडी घातलंस आणि आता आवाज खयसून येता म्हणान विचारतंस? खाऱ्या पाण्यातसून इल्यार पयला काम म्हणजे गोड्या पाण्यान खालसून धुवचा. माझी जिप्सी तशीच गेली, चेसीस कुजली. आवाजाचा ही मंडळी सांगतीत, पण तेलाच्या प्लगांका आजच डिझेल मारून ठेव, नायतर ते सुटूचे नाय.

खळ्यातली गाडी: कातळकाका, ऐकलं. दोन्ही प्लगांना डिझेल मारलंय.

जुना चालक, मामांना फोन केला. म्हणाले, तीनेक वर्षांपूर्वी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा "मागचं तेल टाकलंय" असं सांगितलं होतं. कोणतं ते त्यांना माहीत नाही. बिलावर फक्त "गिअर ऑइल 90" लिहिलंय.

जुना चालक: संपलं. नव्वद नंबर हे ट्रकच्या क्राउनसाठी उत्तम, या डब्यासाठी विष. इथे ओला क्लच आहे, त्याला घसरताना न अडखळणारं तेल लागतं. होंडाचं ड्युअल पंप फ्लुइड 2 मागवा. लागतं एक लिटरच्या आसपास, पण तुम्ही तीन लिटर मागवा. चुकीचं तेल एका खेपेत पूर्ण निघत नाही, चकत्यांमध्ये मुरलेलं असतं.

कृती अशी. गाडी सपाट जागेवर, थोडी चालवून कोमट केलेली. आधी वरचा, भरायचा प्लग सोडवा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही आधीच खालचा काढून तेल सांडलं असेल तर गाडी खळ्यातच बसेल. प्लगला चौकोनी भोक आहे, 3/8 इंची रॅचेटचं डोकं सरळ त्यात बसतं, पान्याची गरज नाही. लांब दांडा लावा, झटका देऊ नका. मग खालचा काढा, तेल पांढऱ्या भांड्यात घ्या आणि नीट बघा. चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. गरम डिफरन्शियल एकदम थंड पाण्यात बुडाला की हवेच्या नळीतून किंवा सीलमधून पाणी ओढून घेतो, तुमच्या कर्दे प्रकरणात हे शक्य आहे. प्लगच्या टोकावर बारीक राखाडी लगदा चालेल. चमचमणारे कपचे निघाले तर तुमच्या गॅरेजवाल्याची माफी मागू.

भरताना वरच्या भोकातून बाहेर वाहेपर्यंत भरा. मग मोकळ्या जागी स्टिअरिंग तोडून पहिल्या गिअरमध्ये सावकाश डावीकडे दोन-तीन गोल, उजवीकडे दोन-तीन. नवं तेल चकत्यांमध्ये शिरलं पाहिजे.

आणि भुणभुणीसाठी तीन गोष्टी. 60 ला न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला तर इंजिन-गिअरबॉक्स संशयातून सुटले. रिकाम्या सरळ रस्त्यावर हलकेच डावी-उजवी करा. डावीकडे वळताना वाढला तर उजव्या बाजूचं बेअरिंग, आणि उलट. शेवटी टायरवरून हात फिरवा, एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे. टायर चारही सारखे आहेत का?

खळ्यातली गाडी: टायर सारखे नाहीत. मागचे दोन गेल्या वर्षी नवे टाकले, पुढचे मामांच्या वेळचे. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घालून खाच मोजली: मागे 8 मिलिमीटर, पुढे जेमतेम 3. आणि हात फिरवला तर पुढच्या दोन्हींची आतली कड एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवत!

न्यूट्रलमध्ये भुणभुण कायम. डावी-उजवी करून फरक नाही.

आंबापेटी: 205/70 आर15 असतील ना? त्याचा व्यास साधारण 668 मिलिमीटर. खाचेत 5 चा फरक म्हणजे व्यासात 10 चा, दीड टक्का. हिशेब केला तर पुढची चाकं किलोमीटरला सातेक फेऱ्या जास्त मारतायत. तो पंप बिचारा गाडी सरळ जात असतानाही थोडं थोडं ढकलतोय.

जुना चालक: बरोबर. इतका फरक ही यंत्रणा सहसा पोटात घालते, पण आधीच तेल वाईट, त्यात ही भर. करवत मात्र नक्की भुणभुणते. पुढचे-मागचे अदलाबदल करून चालवा. आवाज जागा बदलून मागे गेला तर टायरच, आणि तुमचं बेअरिंग फुकट गेलं. ही अदलाबदल तपासणीपुरती हं. झिजलेले टायर मागे ठेवून पावसात घाट उतरू नका, मागची बाजू घसरते. पावसाआधी चारही सारखे करा, अलाइनमेंटसकट. नाहीतर नव्यांनाही करवत लागेल.

खळ्यातली गाडी: तेल आलं. उद्या रविवार, खळ्यातच करतो. मागची बाजू चार चिऱ्यांवर चढवून खाली शिरायचा विचार आहे.

आंबापेटी: चिऱ्यांवर? जांभा कधी सरळ फुटतो का? भार एका कोपऱ्यावर आला की भुगा होतो. घराच्या भिंतीला ठीक आहे, छातीवर गाडी तोलायला नाही. या गाडीखाली तसंही सरपटत शिरता येतं. चाकांना पुढून-मागून लाकडाचे ओंडके लावा, हँडब्रेक ओढा आणि जमिनीवरच करा.

खळ्यातली गाडी (सोमवार): जमिनीवरच केलं. वरचा प्लग सुटायला पाऊण तास. रॅचेटच्या दांड्यात पंपाचा जुना पाईप घालून बाबांनी आणि मी मिळून जोर लावला तेव्हा "कर्रक" झालं. तो प्लगचा आवाज की माझ्या मनगटाचा, हे क्षणभर कळलं नाही.

खालून जे आलं ते काकवी. काळं, दाट, तार धरणारं. आणि वास सडक्या लसणाचा.

जुना चालक: लसणाचा वास म्हणजे गंधकाची पूड मिसळल्यासारखा? गिअर ऑइलचाच तो. कपचे?

खळ्यातली गाडी (आठवडा उलटल्यावर): कपचे नाहीत, प्लगवर फक्त मऊ लगदा. दुधाळपणा नाही. बागेतल्या फवारणीच्या पंपाची पारदर्शक नळी वापरून नवं भरलं. सड्यावर नेऊन गोल गोल फिरवलं, गुराखी पोरं बघून हसत होती. पहिल्या दिवशी आवाज निम्मा झाला. म्हणून आठवडाभर चालवून परत काढलं, तेव्हा ते चहाच्या रंगाचं निघालं. मी हबकलो, पण दुधाळ नव्हतं, कोरा चहा. दुसऱ्यांदा भरल्यावर परवा दापोलीहून भर उन्हात आलो, खळ्यात पूर्ण तोडून लावली. काही नाही. परत मागे घेतली, परत लावली. बाबा बाहेर येऊन बघून गेले.

टायर अदलाबदल केले. भुणभुण मागे गेली. बेअरिंगचे पैसे पाण्यात.

"टक्" मात्र जसंच्या तसं आहे.

जुना चालक: त्याचा तेलाशी संबंध नव्हताच. चाकांना ओंडके लावून न्यूट्रलमध्ये खाली जा आणि प्रोपेलर शाफ्ट हाताने थोडा मागे-पुढे फिरवा. क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यात) प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का, मधल्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का, बघा. तिथे काही नसेल तर डिफरन्शियल ज्या रबरांवर टांगलाय ती. शंका राहिलीच तर शाफ्ट फ्लॅंजपाशी (जिथे तो बोल्टने जोडलाय) रंगाची खूण करून काढून ठेवा आणि गाडी पुढच्या चाकांवर चालवून बघा. टक् गेलं तर मागेच आहे. परत बसवताना खुणेला खूण, नाहीतर थरथर सुरू होईल.

खळ्यातली गाडी: शाफ्ट काढायची वेळ आली नाही. क्रॉस घट्ट आहेत. डिफरन्शियलच्या डाव्या रबराला मात्र आख्खं नख जाईल एवढी भेग. लहान पहारीने उचकलं तर डबा हलतो आणि तेच "टक्". रबरं मुंबईहून एसटीच्या पार्सलने येतायत.

गॅरेजवाल्याला काकवी बाटलीत भरून दाखवली. "असं तेल असतं होय!" म्हणाला आणि रबरं बसवायची मजुरी कमी करून दिली.

एक राहिलं. ड्रेन प्लगचे जुनेच वॉशर परत लावलेत, आज खाली एक थेंब दिसला. चालेल का?

जुना चालक: नाही. अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, एकदा दाबले गेले की संपले. नवे लावा.