अनुभव धागा: तुमच्या चर्चमध्ये नवीन पाळक आले तेव्हा काय काय केलंत?

सर्वांना सलाम. पुढच्या महिन्यात आमच्याकडे नवीन पाळक रुजू होतायत आणि पास्टरेट कमिटीने (म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीने) स्वागताचं काम माझ्या गळ्यात मारलंय. हार, शाल, प्रेमभोजन हे होणारच, त्याची काळजी नाही. त्यापलीकडे काय उपयोगी पडलं, काय फसलं ते लिहा. पाळकांच्या घरातल्यांनी तर लिहाच.

नगरची सून
आधी पाळकांचा बंगला बघा!! आमच्याकडे बॅनर दहा फुटी आणि बाथरूमचा नळ गळका. नंतर महिला मंडळाने हातात घेतलं, टाकी धुतली, भांडी लावली, पिठाचा डबा भरला आणि त्या डब्यावरच कागद चिकटवला, दूधवाल्याचा नंबर, गिरणी कधी उघडी, पाणी दिवसाआड किती वाजता येतं, गॅस संपला तर कोणाला फोन करायचा. पाळकीणबाई म्हणाल्या की भाषणं एक लक्षात नाही पण तो कागद अजून फ्रिजवर आहे.

पाळकाची मुलगी
बाबांच्या बदल्यांत वाढलेय म्हणून लिहिते. पहिल्याच रविवारी पाळकांच्या मुलांना पुढे बोलावून गाणं म्हणायला लावू नका प्लीज. शाळा मध्येच बदललेली असते, मैत्रिणी सुटलेल्या असतात आणि वर हे. दुसरं म्हणजे आई. माझी आई नर्स होती, नाइट ड्युटी करून यायची, तरी मंडळीने गृहीतच धरलं की संडे स्कूल, महिला मंडळ सगळं तीच बघणार. कोणी विचारलंच नाही. आणि "आधीचे पाळकसाहेब असं करायचे" हे वाक्य निदान सहा महिने तरी गिळा, ते बाबांना जेवताना पण ऐकू यायचं.

वसईकर
आमचं कॅथलिकांचं वेगळं, फादर एकटेच येतात, त्यामुळे अख्खं गाव त्यांच्या पोटामागे लागतं. बॅण्ड लावून आणलं आणि मग रोज एका घरी जेवण, प्रत्येक घरी मटण नाहीतर मासे, नाही म्हणावं तर घरचे रुसतात. फादरना शुगर आहे हे कळेपर्यंत बिचारे आजारी पडले. आता आधीच्या पॅरिशमध्ये फोन करून पथ्य विचारून घेतो.

जुना मिशनवाला
१९७० साली नागपूरला सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्या एक झाल्या, पण आमच्या नगरकडे आजही नवीन पाळक आले की म्हातारे हळूच विचारतात, अमेरिकन मिशनच्या बाजूचे की एसपीजीचे, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनचे? कारण प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) बाकावर बसून घ्यायचं की वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकून, यावरून कुजबुज सुरू होते. बिचाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा. गाण्यांचंही तेच. 'उपासना संगीत' हे गाण्यांचं पुस्तक सगळीकडे एकच, पण चाली गावोगाव वेगळ्या. आमच्याकडे पाळकांनी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन त्यांच्या गावच्या चालीत उचललं, मंडळीने आपल्या, पेटीवाला मध्ये लटकला :) तेव्हापासून पेटीवाल्याची चालींची वही रेकॉर्डिंगसकट नवीन पाळकांना आधीच पाठवतो. स्वागत म्हणा नाहीतर स्वसंरक्षण.

घंटा
सगळे पाळकांवरच बोलताय. चर्चचा शिपाई नवीन आला तर काय करता? पाळक आले की बॅनर, शिपाई आला की चाव्यांचा जुडगा. माझे वडील लागले तेव्हा कितीतरी दिवस लोक त्यांना "ओ, जरा पंखा लावा" असंच म्हणायचे, नाव कोणाला माहीतच नाही. घंटा, बाकं, झाडलोट, दफनाच्या दिवशी कबरस्तानात सगळ्यांच्या आधी हजर, हे सगळं तेच बघायचे. मग एका सेक्रेटरीबाईंनी सूचनांच्या वेळी त्यांना पुढे बोलावलं, नाव, गाव, काम सगळं सांगितलं आणि त्यांच्यासाठी पाळकांकडून प्रार्थना करवून घेतली. दोन मिनिटांचं काम. पगार वेळेवर देणं हे पण स्वागतातच धरा बरं का.

धागाकर्ता
शिपायांचा मुद्दा डोक्यातच नव्हता, आमचेही यंदा रिटायर होतायत, कमिटीत मांडतो. नळ आजच बघून आलो, गळतोय. चालींच्या वहीचं मात्र अवघड आहे, आमचे पेटीवाले काका ती स्वतःच्या मुलालासुद्धा दाखवत नाहीत.