ॲम्ब्युलन्सच्या पेटीत एका औषधाची एकच स्ट्रेंग्थ असावी का?

कप्पा_क्रमांक_१

असावीच. हलत्या गाडीत, अपुऱ्या उजेडात लेबल नीट वाचलं जात नाही, हात सवयीने कप्प्यात जातो. त्याच औषधाची दुसरी स्ट्रेंग्थ, म्हणजे दर मि.ली.त औषध कमी-जास्त असलेली कुपी, शेजारी ठेवलेली असली की एक चुकीची कुपी उचलली तरी दहापट डोस जाऊ शकतो.

फिट थांबवणाऱ्या मिडाझोलमचंच बघा. फिट थांबत नसेल तर ४० किलोवरच्या रुग्णाला १० मि.ग्रॅ. स्नायूत द्यायचं. पेटीत १ मि.ग्रॅ. प्रति मि.ली.ची अँप्युल (काचेची कुपी) असेल तर ते १० मि.ली. होतं आणि एवढं एका जागी स्नायूत टोचता येत नाही. ५ मि.ग्रॅ. प्रति मि.ली.मधून तेच २ मि.ली.त भागतं. तेव्हा पहिली हद्दपार करा.

रक्तातली साखर उतरली की द्यायचं डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) फक्त १० टक्के ठेवा. ५० टक्क्यांचं शिरेबाहेर झिरपलं तर तिथली कातडी आणि खालचं मांस मरतं.

ॲड्रेनालिन फक्त १ मि.ग्रॅ. प्रति मि.ली. ॲनाफिलॅक्सिसमध्ये (जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत) अर्धा मि.ली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. अरेस्टमध्ये (हृदय बंद पडल्यावर) तीच अख्खी कुपी शिरेत, मागून २० मि.ली. सलाइन.

सलाइन_फ्लश

पहिल्या दोन्हींशी सहमत. ॲड्रेनालिनबाबत साफ असहमत.

१० किलोचं मूल अरेस्टमध्ये आहे असं धरा. डोस किलोला ०.०१ मि.ग्रॅ., म्हणजे ०.१ मि.ग्रॅ. तुमच्या कुपीतून तो ०.१ मि.ली. होतो. सिरिंजच्या टोकात आणि थ्री-वेमध्ये (नळीच्या तोटीत) अडकून राहतं तेच जवळपास तेवढं असतं, त्यामुळे नेमकं किती गेलं ते कळत नाही. पातळ स्ट्रेंग्थमधून, ०.१ मि.ग्रॅ. प्रति मि.ली.मधून, तोच डोस १ मि.ली. होतो आणि तो नीट मोजता येतो. शिवाय १० मि.ली.ची भरलेली सिरिंज टोपी काढली की तयार. काच फोडा, ओढा, हवा काढा, यात छातीवर दाब देणाऱ्या दोघांपैकी एकाचे हात अडकतात.

खरा धोका वेगळाच आहे: अरेस्टची सिरिंज नाडी चालू असलेल्या ॲनाफिलॅक्सिसच्या रुग्णाला शिरेतून जाणं. धडधडत्या हृदयात एकदम १ मि.ग्रॅ. गेलं तर रक्तदाब भडकतो, ठोके बेताल होतात. स्ट्रेंग्थची संख्या कमी करण्यापेक्षा जागा वेगळी करा. ॲनाफिलॅक्सिसची सीलबंद पिशवी: १ मि.ग्रॅ. प्रति मि.ली.च्या दोन अँप्युल, १ मि.ली.च्या सिरिंजा, २३ गेजच्या सुया, आणि कार्डावर मोठ्या अक्षरांत मि.ली.मध्ये डोस. मोठ्यांना ०.५, ६ ते १२ वर्षं ०.३, सहा महिने ते ६ वर्षं ०.१५. फरक नसेल तर ५ मिनिटांनी पुन्हा.

दाब_थांबवू_नका

सिरिंजच्या वेगाला फार महत्त्व दिलं जातंय. ब्रिटनमधल्या अरेस्टच्या ८,०१४ रुग्णांच्या चाचणीत (निकाल २०१८) ॲड्रेनालिनवाल्यांपैकी ३.२ टक्के लोक ३० दिवस जगले, सलाइनवाल्यांपैकी २.४ टक्के. पण मेंदू शाबूत राहून घरी गेलेल्यांमध्ये फरक जवळजवळ नव्हताच: २.२ आणि १.९. औषध द्यावंच, पण ते भरायला दाब थांबत असेल तर सौदा तोट्याचा आहे.

सलाइन_फ्लश

अगदी. म्हणूनच तर भरलेली सिरिंज!

वजन_काटा

डेक्स्ट्रोजवर कुणीच भांडलं नाही, म्हणून मी भांडतो. २५ ग्रॅम साखरेला १० टक्क्यांचं २५० मि.ली. लागतं. ५० टक्क्यांच्या तेवढ्याच साखरेची सिरिंज ५० मि.ली.ची. खांद्यावर बॅग घेऊन जिने चढताना हा फरक जाणवतो. ग्लुकागॉन (यकृतातली साठवलेली साखर रक्तात सोडायला लावणारं इंजेक्शन) १ मि.ग्रॅ. हलकं खरं, पण उपाशी किंवा दारू प्यायलेल्याच्या यकृतात साठाच नसतो, तिथे ते चालत नाही.

कप्पा_क्रमांक_१

वजन मान्य, पण २५ ग्रॅम एकदम द्यायचेच कशाला? १०० मि.ली. द्या, ५ मिनिटांनी साखर तपासा, कमी असेल तर पुन्हा. बऱ्याच जणांना पहिल्या-दुसऱ्या वेळेलाच शुद्ध येते, आणि साखर विनाकारण ३०० वर जात नाही. जिन्यावर १०० मि.ली.ची बाटली न्या, बाकीची गाडीत.

लहान मुलाचा मुद्दा मला खोडता येत नाही. ॲड्रेनालिनच्या दोन स्ट्रेंग्थ ठेवू. मात्र लेबलवर १:१००० आणि १:१०,००० असं गुणोत्तर नको, तिथे एक शून्य नजरेतून सुटतं. अमेरिकेत २०१६पासून ते छापणं बंद झालं. फक्त मि.ग्रॅ. प्रति मि.ली.

मुदत_बघा

आणि स्टोअरमधून बदली स्ट्रेंग्थ आली तर? नेहमीची मिडाझोलम संपली म्हणून १ मि.ग्रॅ. प्रति मि.ली.ची आली आणि रात्रपाळीने ती त्याच कप्प्यात ठेवली, की वरचे सगळे नियम वाया. बदली कुपी त्या कप्प्यात जाऊच नये. लाल पिशवीत, डोस मि.ली.मध्ये लिहून, आणि पाळी बदलताना दोघांनी कुपी हातात घेऊन लेबल मोठ्याने वाचायचं.