कार्नेशनची पानं बाटलीत काचेसारखी होतायत, काय करू?

निशिगंध: आमच्या छोट्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये कार्नेशनचं मल्टिप्लिकेशन (बाटलीत एकाची अनेक रोपं करणं) चालू आहे, पण गेल्या दोनेक सबकल्चरपासून (रोपं नव्या मीडियावर हलवण्याच्या फेऱ्यांपासून) पानं जाड, पाणीदार, काचेसारखी आरपार दिसणारी येतायत आणि चिमट्याने धरली की कटकन मोडतात. मीडिया (रोपांचं खाद्य) एमएस म्हणजे मुराशिगे-स्कूग, फुटवे आणणारं हार्मोन बीएपी लिटरला १ मिलिग्रॅम, आणि मीडिया घट्ट करायला जेलराईट. कंटॅमिनेशन (जंतू शिरणं) नको म्हणून झाकणावर क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळतो. हार्डनिंगला (बाहेरच्या हवेची सवय लावायला) नेलं की सगळी माना टाकतात.

शेवंती_लॅब: ही हायपरहायड्रिसिटी, म्हणजे रोपात पाणी जास्त भरून पानं काचेसारखी होणं, कार्नेशनला फार लवकर होते. आधी ती क्लिंग फिल्म काढा! आत हवा कोंडते, इथिलीन (झाड सोडतं तो वायू) साठतं, आर्द्रता जवळजवळ १०० टक्के राहते, मग पानावर मेणाचा थर धड बनत नाही आणि पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत, म्हणून बाहेर आल्या आल्या रोप सुकतं. फिल्टर असलेली झाकणं घ्या, हवा खेळते आणि जंतू आत येत नाहीत. मीडिया थोडा लवकर आटेल तेवढं लक्षात ठेवा.

अनिकेत७: अगार (मीडिया घट्ट करणारी पावडर) लिटरला १२ ग्रॅमवर न्या, विषय संपला.

शेवंती_लॅब: नाही हो अनिकेत, तेवढ्या घट्ट मीडियात फुटवेच कमी येतात, मग ऑर्डर कशी पुरी करणार. जेलराईटऐवजी साधा अगार ८ ग्रॅम घ्या, त्यातच बराच फरक पडतो कारण जेलराईटमधून झाडाला पाणी फार सहज मिळतं. बीएपी अर्धं करा. एमएसमधलं अमोनियम नायट्रेटही लिटरला १६५० मिलिग्रॅमवरून ८२५ वर आणून बघा, अमोनियम जास्त झालं की हा त्रास वाढतो. आणि पीएच ५.८ आहे ना ते ऑटोक्लेव्हच्या (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करण्याच्या) आधी मीटरने बघा, फार उतरला तर अगार सैल बसतो.

रॅकवाला: मला रॅकचा संशय येतोय. खालच्या कप्प्यातल्या ट्यूबलाइटची उष्णता वरच्या बाटल्यांच्या बुडाला लागते का? बूड गरम, झाकण गार, की मीडियातलं पाणी वर चढून झाकणाला थेंब धरतात. ट्यूबलाइटचा तापणारा चोक रॅकच्या बाहेर काढा किंवा एलईडी लावा. जमलं तर बूड हवेपेक्षा दोन-तीन डिग्री गार ठेवा, थेंब झाकणावर धरायचे थांबतात.

निशिगंध: हो, थेंब आहेतच! चोक आजच बाहेर काढतो. बिघडलेल्या बाटल्या टाकून द्यायच्या का?

शेवंती_लॅब: पार काच झालेल्या टाका, जीव तुटतो पण टाकाच. थोडा परिणाम झालेल्या हार्मोन नसलेल्या अगार मीडियावर फिल्टर झाकणात ठेवा, नवी फूट कशी येते बघा. पुढच्या सायकलला फक्त हिरवीगार, कडक शूट्स (फुटवे) घ्या, ही गुबगुबीत रोपं भरपूर वाढल्यासारखी दिसतात म्हणून तीच उचलली जातात.