मदत हवी आहे: दगडी भिंत बांधतोय, मधेच पोट येतंय

रानवेडा
घरामागे दगडी भिंत घालायला घेतली आहे. मी आणि मेहुणा, दोघंच. दगड घरचेच, जुना गोठा पाडला त्याचे. व्हिडिओ बघून सुरुवात केली, कंबरेपर्यंत छान आली आणि आता मधेच पोट यायला लागलंय. ओळंबा सोडून बघितला, डोळ्याला दिसतंय तेवढं फुगलंय. पाऊस तोंडावर आलाय. पाडायची की नाही, आणि पाडली तर परत कशी घालायची, एवढंच सांगा. कृपया "गवंडी लावा" लिहू नका. मिळाला असता तर इथे आलोच नसतो.

खिडकीतला_बोका
गवंडी लावा.

निवृत्त_ओव्हरसियर
दगड कोणता? भिंतीची जाडी किती, उंची कुठवर न्यायची आहे? सिमेंटमाल, चिखल की कोरडी? पाया किती खोल गेलात आणि खाली मुरूम लागला की काळी माती? आणि मुख्य म्हणजे, भिंतीच्या मागे माती आहे का? कुंपणाची भिंत वेगळी, माती धरणारी भिंत वेगळी.

जांभाप्रेमी
काळ्या दगडाच्या नादाला लागूच नका. जांभ्याचा चिरा आणा. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, मग उघड्यावर हवा खाऊन कडक होतो. चौकोनी असल्यामुळे नवशिक्यालाही रचता येतो. आमच्या राजापूरकडे अख्खी घरं चिऱ्याची आहेत, कुठे पोट नाही की काही नाही.

रानवेडा
@जांभाप्रेमी दगड कोणता घेऊ हा प्रश्नच नाहीये. दगड आहे, अंगणभर पडलाय. भोरच्या पश्चिमेला चिरा आणायचा तर ट्रकच्या भाड्यातच भिंत संपेल.
@निवृत्त_ओव्हरसियर काळा दगड, साधारण हातभर जाडी, चिखलात बसवतोय. माझ्या खांद्याएवढी करायची आहे. पाया मुरमात घेतलाय.

निवृत्त_ओव्हरसियर
मागे माती आहे का?

चुनखडी
सिमेंटच्या मागे लागला नाहीत, बरं केलंत. पण चिखलही नको, चुना वापरा. भिजवून मुरवलेला चुना, घाणीतून मळलेला, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी. चुन्याच्या दर्जातून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यातून, ओल बाहेर पडते, सिमेंटमध्ये ती आत कोंडते. जुने वाडे उगाच उभे नाहीत.

एमवीस
@चुनखडी गुळाचा चहा करून प्या. माणूस सांगतोय पाऊस तोंडावर आलाय. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, भोरच्या पावसाळ्यात तो कधी व्हायचा? आणि घाणी फिरवायला बैल कुठून आणणार? सरळ आरसीसी भिंत टाका, मोकळे व्हा.

चुनखडी
तुमच्यासारख्यांनीच जुन्या देवळांच्या दर्जात सिमेंट भरून दगड फोडलेत.

एमवीस
मी कुठल्याही देवळाला हात लावलेला नाही. विषयावर या.

यॉर्कशायरवासी
इथे लीड्सजवळ राहतो, शनिवार-रविवारचा कोरड्या दगडी भिंतींचा वर्ग केलाय. ब्रिटनमध्ये त्यांची १९६८ पासूनची संघटनाच आहे, ती शिकवते, परीक्षाही घेते. (युनेस्कोने २०१८ मध्ये ही कला वारसा यादीत घेतली ती क्रोएशिया ते स्पेन अशा आठ देशांच्या नावाने, ब्रिटन त्यात नाही. इथले लोक अजून कुरकुरतात.)
वर्गात पहिल्या तासाला सांगतात ते असं. दगडाची लांबी भिंतीच्या पोटात गेली पाहिजे. नवशिका दगडाची लांब, देखणी बाजू बाहेर दाखवायला जातो. समोरून भिंत झकास दिसते, पण प्रत्येक दगड चार बोटं आत गेलेला असतो आणि मागे नुसता भराव. तो भराव दबला की दर्शनी दगड बाहेर ढकलले जातात. रानवेडा, तुमचे दगड कसे बसवलेत? फोटो टाका.

शिल्पशोधक
चुना, सिमेंट, चिखल कशाला? सिन्नरचं गोंदेश्वर बघा. हेमाडपंती पद्धत, नुसता दगडावर दगड. आपल्याच पूर्वजांची विद्या सोडून यॉर्कशायरला कशाला जायचं?

निवृत्त_ओव्हरसियर
@शिल्पशोधक तिथला प्रत्येक दगड पाथरवटाने सर्व अंगांनी घडवलेला आहे, खाचा आणि खुंट्या करून एकमेकांत बसवलेला. यांच्याकडे गोठ्याचे अनघड दगड आहेत. दोन्हीकडे चुना नाही म्हणून पद्धत एक होत नाही.
@रानवेडा मागे माती आहे का, हे तिसऱ्यांदा विचारतोय.

मांजराकाठचा
यॉर्कशायरवासी म्हणतात ते आमच्या भागाने फार महाग किमतीत शिकलंय. ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप. किल्लारीकडच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, बघणाऱ्याला किल्ल्यासारख्या वाटायच्या. पण त्या एक भिंत नव्हत्याच. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, मधे माती आणि कपच्या. दोघांना बांधून ठेवणारा दगडच नाही. जमीन हलली, पदर सुटले, वर माळवदाची फूटभर माती. पुढे उरलेल्या घरांच्या दुरुस्तीत भिंतीला आरपार भोक पाडून, दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायची पद्धत आली. म्हणजे नसलेला दगड नंतर घातला.
तुमचं पोट म्हणजे पदर सुटायला लागलाय. नुसतं वरून लिंपू नका.

रानवेडा
बरं. दगड बहुतेक सगळे लांब बाजू बाहेर असेच आहेत. मेहुण्याने तर चपटे उभे करून लावलेत, फरशी लावावी तसे. आरपार एकही नाही.
मागे उतार आहे, हो. त्यासाठीच तर बांधतोय. वरच्या खाचरातलं पाणी मातीसकट अंगणात येतं.

निवृत्त_ओव्हरसियर
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. आता नीट वाचा.

पोट जिथे सुरू होतं त्याच्या खालच्या पक्क्या थरापर्यंत उतरवा. उभे लावलेले चपटे दगड मात्र कुठेही असोत, काढा. खांद्याएवढी उंची विसरा. माती धरणाऱ्या कोरड्या भिंतीला बुडाशी उंचीच्या निम्मी जाडी तरी हवी, तुमच्या हातभर जाडीत तीन फुटांच्या वर जाऊ नका. जास्त उंची हवी असेल तर तीन-तीन फुटांचे दोन टप्पे करा, मधे चांगली रुंद पायरी सोडून. सलग चार फुटांच्या वर जायचं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नको.

चिखल अजिबात नको. पहिल्या जोराच्या पावसात धुऊन जातो आणि दगड बसतात. कोरडी रचा, म्हणजे पाणी प्रत्येक सांध्यातून निघेल. सिमेंटमध्ये बांधली तर पाण्याला भोकं ठेवावी लागतात, ती लोक विसरतात. मग मागे पाणी साचतं आणि भिंत मातीने नाही, पाण्याने पडते. भिंत आणि उताराची माती यांच्यामध्ये फूट-दीड फूट दगडगोट्यांचा भराव घाला. दर्शनी बाजू डोंगराकडे किंचित कलती ठेवा, ओळंब्यात नको. खाचराखाली आडवा चर काढून पाणी बाजूला काढलंत तर भिंतीचं निम्मं काम तिथेच झालं.

आरपार दगड: भूकंपासाठीच्या भारतीय मानकात, आयएस १३८२८ मध्ये, दर ६० सेंमी उंचीला एक ओळ आणि आडव्या अंतरात १.२ मीटरच्या आत एक, असं आहे. ते घरांसाठी आहे, पण तुम्हीही तेच धरा. एवढा लांब दगड नसेल तर दोन दगड दोन्ही बाजूंनी घालून मधे एकमेकांवर निम्मे चढवा.

आणि सुतकी (दगड फोडायचा हातोडा) चालवताना डोळ्याला चष्मा. काळ्या दगडाची कपची काचेसारखी उडते.

एमवीस
पटलं. आरसीसी मागे घेतो. पण टप्पे करणारच असाल तर जाळीच्या पेट्यांत दगड भरून लावणं जास्त सोपं आहे.

निवृत्त_ओव्हरसियर
त्यांना भिंत घालायला शिकायचंय, पेट्या भरायला नाही.

सातबारा_उतारा
वरचं खाचर कुणाचं? हद्दीची मोजणी केली आहे का? मागे दगडगोटे भरताना दीड फूट त्यांच्या बाजूला खोदलंत तर पुढच्या वर्षी भिंत नाही, तारखा मोजत बसाल.

रानवेडा
खाचर चुलत्यांचं आहे. बोलणं चालू आहे. म्हणजे तेवढ्यापुरतं चालू आहे.

घाटाखालची
कोरड्या भिंतीत फुरसं येऊन बसतं. आमच्या गडग्यात दर पावसाळ्यात निघतं. म्हणून आम्ही सांधे लिंपतो.

यॉर्कशायरवासी
सांधे लिंपले तर पाणी कुठून जाणार? पोटात कपच्या ठासून भरा, पोकळी कमी राहील. कपच्या हाताने बसवायच्या, घमेल्याने ओतायच्या नाहीत.

घाटाखालची
लीड्समध्ये फुरसं असतं का हो?

रानवेडा
फोटो टाकलाय. मेहुणा म्हणतोय डावीकडची बाजू चांगली आहे, ती राहू दे.

निवृत्त_ओव्हरसियर
फोटो बघितला. डावीकडेच बघा, जमिनीपासून वर चार थर एक उभी रेघ सरळ चढली आहे. सांध्यावर सांधा आलाय. सांधमोड झालीच पाहिजे, दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड बसला पाहिजे. त्या रेघेपाशी भिंत दोन तुकड्यांची आहे. तीही बाजू उतरवा.
आणि तुळशीच्या बाजूला समोर लावलेला तो लांब सपाट दगड, गोठ्याचा उंबरा असावा. शोभेला लावलाय. तो काढून आडवा घाला, आरपार जाईल. असे आणखी आहेत का बघा. उतरवताना मोठे, सपाट, लांब आणि कपच्या असे वेगवेगळे ढीग करा, दगड शोधण्यात वेळ जाणार नाही. सपाट, जड दगड शेवटच्या थराला राखून ठेवा.

रानवेडा
उंबराच आहे. अजून एक आहे, त्यावर सध्या मेहुणा बसलाय. उद्या सकाळी उतरवायला घेतो. चर आधी काढू की भिंत आधी?

निवृत्त_ओव्हरसियर
चर. चुलत्यांना विचारून.

खिडकीतला_बोका
फोटोत मागे फणस दिसतोय. कापा की बरका?

रानवेडा
बरका.